सहलीचा निबंध

गुरू-शिष्य संबंधाविषयी बोलायचे झाले की दलित लेखणीला पहिला आठवतो तो एकलव्य. त्याच्या अंगठ्यावर आजवर किती कविता लिहिल्या गेल्या याची मोजदाद कोणी केलेली नाही. विद्यार्थिदशेत मीही अशा दोन लिहिल्या, आणि त्यांतली एक महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापून आली होती. त्या प्रतिमेचे सामर्थ्य मी नाकारत नाही. विद्या चोरून मिळवावी लागणे आणि मिळाल्यावर तिची किंमत देहाने चुकवावी लागणे, हे दोन्ही त्या एका अंगठ्यात आले आहे. पण आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मला त्या प्रतिमेत एक उणीव जाणवू लागली आहे. एकलव्याच्या कथेत वर्गच नाही. द्रोणाचार्य त्याला भेटतो तो नाकारताना आणि पुढे अंगठा मागताना. मधल्या सगळ्या काळात तेथे मातीचा पुतळा आहे.

आमचे तसे नव्हते. आम्हांला कायद्याने वर्गात घेतले. आम्ही बाकावर बसलो, हजेरी दिली, वह्या तपासून घेतल्या. आमचा द्रोणाचार्य आम्हांला रोज भेटला, बहुधा सौजन्यानेच भेटला. या रोजच्या भेटीत काय घडत होते, याचे उत्तर एकलव्याजवळ नाही. ते दलित आत्मकथनांत आहे. पण आमच्या समीक्षेने ते नीट वाचलेले नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रस्थापित मराठी साहित्यात शिक्षक भरपूर आहेत. पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधले चितळे मास्तर घेऊ. ते वाचताना माझेही डोळे भरून येतात, आणि मी ते वर्गात आवडीने शिकवलेही आहेत. परंतु या जिव्हाळ्याला एक पूर्वअट आहे, ती कोणी सांगत नाही. मास्तरांचे आणि विद्यार्थ्याचे घर एकमेकांना उघडे असावे लागते. मास्तरांनी हक्काने रागवावे, घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना बसायला सांगावे, पाणी द्यावे, हे सारे ज्या वस्तीत शक्य होते तेथेच असा मास्तर जन्माला येतो. आमच्या वाड्यात गुरुजी आले तर ते चावडीपाशी उभे राहत आणि पोराला हाक मारायला दुसऱ्या पोराला पाठवीत. ते वाईट होते असे नाही. त्यांच्यावर 'वल्ली' लिहिता येत नाही, इतकेच.

'कोसला'ने (१९६३) महाविद्यालयाचे गोडवे गाणारी मराठी कादंबरी मोडली, याबद्दल नेमाड्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण पांडुरंग सांगवीकर प्राध्यापकांना कंटाळतो तो वडिलांच्या पैशावर. त्याला परतायला घर आहे, शेत आहे. आमच्या पोराला प्राध्यापकाचा कंटाळा करण्याची चैन परवडत नव्हती. त्या माणसाच्या एका सहीवर त्याची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली खाट अवलंबून असे. कंटाळा हे मूल्य मानणाऱ्या समीक्षेला भीती हे मूल्य म्हणून दिसले नाही.

आता बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आठवणींकडे वळू. साताऱ्याच्या शाळेतला प्रसंग आपल्या सर्वांना पाठ आहे. स्वतःचे तरटाचे बसकूर घेऊन वर्गात एका कोपऱ्यात बसायचे, आणि शाळेचा नोकर त्याला शिवणार नाही म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे. जयंतीच्या भाषणात आपण तरटापाशी थांबतो. त्यापुढचे पाण्याचे बारकावे मला अधिक महत्त्वाचे वाटतात. स्पृश्य मुलाला तहान लागली तर शिक्षकाची परवानगी पुरे होती. या मुलाला ती पुरत नसे. नळाची तोटी फिरवायला शिपाई हवा. शिपाई नाही तर पाणी नाही. म्हणजे शिक्षक चांगला की वाईट हा प्रश्नच तेथे गैरलागू ठरतो. शिक्षकाने 'जा' म्हटले तरी त्या शब्दाला नळापर्यंत पोहोचण्याची ताकद नाही. गुरू-शिष्य संबंधाची याहून अचूक मीमांसा मी मराठी समीक्षेत वाचलेली नाही, आणि ती केली आहे एका विद्यार्थ्याने, आपल्या तहानेवरून.

आमच्या समीक्षेची अडचण अशी की तिने आत्मकथनांतल्या शिक्षकांची दोन रांगांत वाटणी केली. एका रांगेत छळणारे, दुसऱ्या रांगेत देवमाणसे. पहिल्यांवर संताप आणि दुसऱ्यांबद्दल कृतज्ञता, यांत परीक्षण संपते. मग प्रत्यक्ष व्यवहार वाचायचा राहून जातो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ची (१९८४) सुरुवात पाहा. शाळेची सहल जाते. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवतात, महारांची मुले वेगळी बसतात, आणि सवर्णांचे उरलेले अन्न यांच्या वाट्याला येते. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलाला सुरुवातच सुचत नाही. या प्रकरणावर बोलताना सर्वांनी भुकेविषयी लिहिले आणि ते योग्यच आहे. पण खरा पेच दुसऱ्या दिवशीचा आहे. सहलीला गुरुजीही होते. काय घडले ते त्यांनी पाहिले आहे. तरीही ते जो निबंध मागतात त्यात झाडे, पाखरे, डबे आणि आनंदच बसू शकतो. मुलाजवळ सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे, आणि त्याचीच वही कोरी राहते. गुरुजींना पाहिजे असलेला निबंध तो लिहू शकत नाही, आणि तो लिहू शकतो तो निबंध गुरुजींना नको आहे. मी तर म्हणेन, पुढे पुस्तक होऊन आला तोच हा निबंध. आमची कितीतरी आत्मकथने म्हणजे वर्गात कोऱ्या सोडलेल्या वह्या उशिरा भरून दिल्यासारखी आहेत.

आणि याच 'अक्करमाशी'त मुख्याध्यापक भोसले आहेत. मुलाच्या नावापुढे बाप म्हणून हणमंता लिंबाळे हे नाव ते शाळेच्या दप्तरात लिहितात. पाटील माणसे घेऊन येतो, पैशाची लालूच दाखवतो, बंदुकीचा धाक घालतो. मुख्याध्यापक खोडत नाहीत. ही देवमाणसाची गोष्ट म्हणून वाचली की वाया जाते. या मुख्याध्यापकाने मुलाला पोटाशी धरले नाही, त्याच्यावर दया केली नाही. त्याने आपल्या नोकरीतले एक काम नियमाप्रमाणे केले आणि त्यावर ठाम राहिला. मुलाला माया नंतर मिळेल न मिळेल, दप्तरात त्याचे नाव मात्र खरे लागले पाहिजे.

कुमुदताई पावड्यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) हा व्यवहार विद्यापीठापर्यंत जातो. गोखले गुरुजी त्यांना संस्कृत शिकवतात आणि इतर मुलांपेक्षा वेगळे वागवीत नाहीत. वर पोहोचल्यावर विद्वान विभागप्रमुखांना मात्र या मुलीचे संस्कृत खुपते. ज्ञानाची पायरी चढत जावे तसतसा माणूस उदार होतो, ही आपली भाबडी समजूत येथे मोडून पडते. पुढे त्यांना सरकारी नोकरी मिळते ती आंतरजातीय विवाहानंतर, आणि त्या स्पष्ट सांगतात की हे श्रेय पावडे या आडनावाचे, सोमकुवरचे नव्हे. हजेरी घेताना आडनावावर क्षणभर थांबणारा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मी शिकलो त्या महाविद्यालयात शिपाई नोटीस घेऊन येई आणि प्राध्यापक अत्यंत सभ्य स्वरात म्हणत, "शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहावे." आम्ही सातजण उभे राहत असू. बसलेल्यांच्या नजरा खाली उतरेपर्यंत पुढच्या कवितेची दोन कडवी शिकवून झालेली असत.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) गुरुजी मुलीला शेण काढायला सांगतात, नकार दिल्यावर मारतात, आणि मुलीची आई गुरुजींना जाब विचारते. दलित आत्मकथनांत आईबापांची शाळेशी गाठ पडते ती बहुधा हात जोडून. येथे आई प्रश्न विचारते. हा फरक समीक्षेने टिपायला हवा.

प्रश्न विचारण्याची परंपरा आमच्याकडे नव्हती असे नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापला गेला. वेद ज्यांचे असे म्हणतात त्यांनाच ती धर्माविषयी सवाल करते. हा शाळकरी मुलीचा निबंध आहे हे लक्षात घ्या. वर्गात काय लिहिले तर चालते, याची त्या शाळेतली हद्द किती लांब होती हे त्यावरून कळते. सहलीचा निबंध तिने तेथे बेधडक लिहिला असता. पुढे शंभर वर्षांनी औरंगाबादला, १९५० साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात, प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थी ते रंगमंचावर घेऊन उभे राहिले. तेथे शिकलेल्यांतून आणि शिकवणाऱ्यांतून दलित साहित्याची एक पिढीच घडली. मिलिंदविषयी आपण भारावून बोलतो. पण तेथले रोजचे वागणे कसे होते, कोण कोणाच्या खोलीवर जाई, वही परत देताना काय बोलले जाई, हे लिहून ठेवण्याचे काम अद्याप पुरेसे झालेले नाही.

येथवर मी इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी.

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी नुकता अधिव्याख्याता झालो होतो. 'अक्करमाशी' तेव्हा ताजे होते. मी त्यावर ठिकठिकाणी बोलत असे आणि सहलीच्या निबंधाशी हमखास आवाज चढवीत असे. त्याच वर्षी प्रथम वर्षाला मी 'माझे गाव' हा विषय दिला. तांड्यावरून आलेल्या एका मुलाने सहा पाने लिहिली होती. मी ती लाल शाईने तपासली. 'व्हतं' खाली रेघ, 'पानी' खाली रेघ. महाराचा मुलगा असून माझे उच्चार शुद्ध आहेत, याचा मला तेव्हा मोठा अभिमान होता. तो अभिमान मला माझ्या शिक्षकांनी शिकवला होता, आणि मी तो खाली पोहोचवीत होतो. मी त्यातली चार वाक्ये वर्गात वाचून दाखवली. वर्ग हसला. हसणाऱ्यांत आपली मुलेही होती.

तो मुलगा काही बोलला नाही. दोन दिवसांनी शिक्षकखोलीच्या दाराशी आला. आत ये म्हटले तरी उंबऱ्याबाहेरच राहिला. म्हणाला, "सर, मंग आमच्या गावाचं कसं लिव्हायचं?" मी त्याला शुद्धलेखनाच्या एका पुस्तकाचे नाव सांगितले. त्याने ते लिहून घेतले, "बरं सर" म्हणाला आणि गेला. त्याने वर्ष पूर्ण केले, पण माझ्या विषयाच्या वहीत त्यानंतर एका पानाहून अधिक कधी लिहिले नाही. त्या सहा पानांत काय होते ते मला आज आठवत नाही. रेघा तेवढ्या आठवतात.

हा प्रसंग मी पश्चात्तापाचे प्रदर्शन करण्यासाठी सांगत नाही. यात समीक्षेचा प्रश्न आहे म्हणून सांगतो. माझी बांधिलकी खोटी नव्हती. व्यासपीठावर मी जे बोलत होतो ते मला मनापासून पटलेले होते. पण व्यासपीठावरचा विद्रोह आणि वही परत देणारा हात यांची गाठ पडलेली नव्हती. माधव कोंडविलकरांनी 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) मध्ये शिक्षकाच्या जागेवरून लिहिले, हे या दृष्टीने मोलाचे आहे. खुर्चीवर दलित शिक्षक बसल्यावर काय होते, हा प्रश्न त्या पुस्तकाने समोर ठेवला. आपण तो उचलला नाही, कारण आपली आत्मकथने बहुधा नोकरी लागली की संपतात. नोकरी लागल्यावर आपण कोणाच्या वहीवर रेघा मारल्या, याचे आत्मकथन आपल्यापैकी फार थोड्यांनी लिहिले आहे.

हा जुना विषय आहे असे कोणी म्हणू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्थितीवर सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. तो वाचताना मला साताऱ्याचा नळ आठवला. तोंडी परीक्षेत जातीची चौकशी, शिक्षकांकडून मिळणारा अपुरा वेळ, तुटक बोलणे, वसतिगृहात वेगळे पडणे, अशाच रोजच्या गोष्टी विद्यार्थ्यांनी तेथे सांगितल्या आहेत. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आपले जीवन संपवले. त्याच्या पत्रातले ताऱ्यांविषयीचे शब्द देशभर उद्धृत झाले. त्याच पत्रात थकलेल्या विद्यावेतनाचा उल्लेख आहे, तो फारसा उद्धृत झाला नाही. ताऱ्यांना काव्य म्हणायचे आणि विद्यावेतनाला कारकुनी, ही आपल्या रसिकतेची जुनी खोड आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यापुढे आत्मकथन वाचताना शिक्षक चांगला होता की वाईट, एवढ्यावर थांबू नये. त्याने कोणते काम केले, कोणते टाळले, कोणाला उभे केले, कोणाचे नाव कसे उच्चारले, आणि विद्यार्थ्याच्या तोंडून काय निघू शकले नाही, ते पाहावे. आणि आपल्यापैकी जे आज शिकवीत आहेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक निबंध जरूर द्यावा. विषय 'आमचे सर' किंवा 'आमच्या बाई'. गुण देऊ नयेत, लाल शाई वापरू नये, नावे लिहायला लावू नयेत. जे येईल ते या पानांकडे पाठवावे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या हाती हा अंक पडला, तर त्यानेही पाठवावे. कसे लिहायचे ते मी सांगणार नाही.