भाववाढीचे अंदाज आणि त्यांच्या दुरुस्त्यांची दिशा

आर्थिक पूर्वानुमानांचे परीक्षण करताना सामान्यतः एकच प्रश्न विचारला जातो: अंदाज व प्रत्यक्ष आकडा यांत अंतर किती पडले? हा प्रश्न अपुरा आहे. अकल्पित घटना घडली तर उत्तम प्रतिमानाचाही अंदाज चुकतो आणि निव्वळ योगायोगाने सदोष प्रतिमानाचा अंदाज खरा ठरू शकतो. नव्या माहितीची दखल अंदाजात किती त्वरेने व किती पूर्णपणे घेतली जाते, ही अधिक कठोर कसोटी होय. विल्यम नॉर्डहाउस यांनी १९८७ साली ती नेमक्या स्वरूपात मांडली. एकाच भावी काळासंबंधी वेळोवेळी केलेले अंदाज क्रमाने लिहिले असता त्यांतील दुरुस्त्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात. एका दुरुस्तीवरून पुढच्या दुरुस्तीची दिशा सांगता येत असेल, तर उपलब्ध माहितीचा काही अंश अंदाजात यावयाचा राहिला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

रिझर्व्ह बँकेच्या अंदाजांना ही कसोटी लावून पाहणे अगत्याचे आहे. २०१६ साली रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन भाववाढीचे लक्ष्य ४ टक्के व त्याच्या दोन्ही बाजूंस २ टक्क्यांची मर्यादा ठरविण्यात आली. व्याजदराचा निर्णय समितीकडे आला. व्याजदरातील बदलाचा किमतींवरील परिणाम विलंबाने होत असल्यामुळे समितीला आजच्या भाववाढीपेक्षा उद्याच्या भाववाढीकडे पाहावे लागते. साहजिकच अंदाज हाच धोरणाचा पाया ठरतो.

प्रथम २०२२-२३ या वर्षाचे उदाहरण घ्यावे. १० फेब्रुवारी २०२२ रोजी बँकेने त्या वर्षासाठी ४.५ टक्के भाववाढ अपेक्षिली होती. पंधरवड्यातच युक्रेनचे युद्ध सुरू झाले. एप्रिलमध्ये अंदाज ५.७ टक्क्यांवर व जूनमध्ये ६.७ टक्क्यांवर नेण्यात आला. प्रत्यक्ष भाववाढही ६.७ टक्केच झाली. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ या सलग तीन तिमाहींत भाववाढ ६ टक्क्यांच्या वर राहिल्याने कायद्यानुसार बँकेला सरकारपुढे कारणे मांडावी लागली. म्हणून हे वर्ष अपयशाचे समजले जाते. धोरणासंबंधी तो निर्णय काहीही असो. मूळ अंदाजातील चूक दोन टक्क्यांहून अधिक असूनही धक्का बसल्यावर दोन मोठ्या दुरुस्त्यांत अंदाज योग्य ठिकाणी पोहोचला आणि डिसेंबरपर्यंत तेथेच स्थिरावला. नॉर्डहाउस यांच्या कसोटीवर ही कामगिरी हिणकस ठरत नाही.

२०२५-२६ चा क्रम याहून वेगळा आहे. त्या वर्षाच्या भाववाढीचा अंदाज फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.२ टक्के होता. पुढे एप्रिलमध्ये तो ४.०, जूनमध्ये ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६ व डिसेंबरमध्ये २.० टक्के झाला. पाचही दुरुस्त्या खालच्या दिशेने झाल्या. प्रत्येक वेळी दोन्ही दिशा सारख्याच संभाव्य मानल्या, तर पाचही दुरुस्त्या एकाच दिशेने होण्याची संभाव्यता १/१६ येते. केवळ एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. संशय घेण्यास मात्र जागा उरते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. वार्ताच वारंवार एका बाजूची आली असेल, तर तो अंदाजकर्त्याचा दोष कसा? २०१२ आधारवर्षाच्या निर्देशांकात अन्न व पेये यांचा भार ४५.८६ टक्के होता आणि खाद्यपदार्थांच्या किमती अनपेक्षितपणे उतरत गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकूण भाववाढ ०.२५ टक्के इतकी खाली आली. सप्टेंबरमधील वस्तू व सेवा करातील कपातही ऑगस्टच्या अंदाजाला ठाऊक असणे शक्य नव्हते. हे सर्व मान्य करूनही आक्षेपाने पूर्ण समाधान होत नाही. २०२६-२७ च्या पहिल्या तिमाहीचा अंदाज ऑगस्टमध्ये ४.९, ऑक्टोबरमध्ये ४.५ व डिसेंबरमध्ये ३.९ टक्के असा उतरला. ऑक्टोबरच्या अंदाजात करकपात हिशेबात धरलेली होती. तरीही पुढची दुरुस्ती आधीच्याहून मोठी झाली.

या सातत्याचे एक संभाव्य कारण प्रतिमानाच्या रचनेत असू शकेल. बँकेच्या त्रैमासिक प्रक्षेपण-प्रतिमानासारख्या रचनांमध्ये दीर्घकालीन भाववाढ लक्ष्याशी जोडलेली असते. धक्के विरून जातात व भाववाढ ४ टक्क्यांकडे परतते, हे तेथे गृहीतच असते. धक्का अल्पजीवी असेल तर हे गृहीत उपकारक ठरते. तो रेंगाळला तर प्रत्येक अंदाज लक्ष्याकडे ओढला जातो आणि प्रत्येक वेळी तो थोडा खाली आणावा लागतो. अंतिम अंदाजात तज्ज्ञांच्या निर्णयबुद्धीचाही भाग असतो. तेव्हा दोष कोठे आहे हे बाहेरून निश्चित करता येत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. ऑगस्ट व ऑक्टोबर २०२५ मध्ये समितीने रेपो दर ५.५ टक्के कायम ठेवला. ऑगस्टच्या ४.९ टक्के अंदाजाने मोजल्यास वास्तव व्याजदर ०.६ टक्के येतो. तेच गणित डिसेंबरच्या ३.९ टक्क्यांनी केल्यास तो १.६ टक्के होतो. धोरण वाटले त्याहून एका टक्क्याने कठोर होते, असा याचा अर्थ. त्याचा भार कर्ज काढून कारखाना वा घर उभारणाऱ्यावर पडतो. डिसेंबरमध्ये दर ५.२५ टक्क्यांवर आणण्यात आला.

अंदाजाभोवतीची अनिश्चितता दाखविण्यासाठी बँक पंख्याच्या आकाराची आकृती प्रसिद्ध करते. बँक ऑफ इंग्लंडने १९९६ साली रूढ केलेल्या या पद्धतीचा त्याग करावा, अशी शिफारस बेन बर्नान्की यांनी २०२४ साली त्या बँकेला केली. भारतात ती ठेवावी की टाकावी, हा वाद गौण आहे. पंख्याची रुंदी चुकीचा संभाव्य आकार सांगते. दुरुस्त्यांच्या क्रमाविषयी ती मूक असते. म्हणून प्रत्येक तिमाहीसाठी केलेले सर्व अंदाज व प्रत्यक्ष आकडा यांचा तक्ता आकृतीशेजारी नियमितपणे छापला जाणे इष्ट होय. त्यासाठी लागणारे आकडे समितीच्या निवेदनांत आजही उपलब्ध आहेत. दहा वर्षांची ही सामग्री अभ्यासकांनी क्रमवार मांडल्यास २०२५-२६ हा अपवाद होता की प्रवृत्ती, याचा निर्णय मतांवर न राहता आकड्यांवर होईल.