मागाल तेच देणारे ग्रंथालय : स्वयंचलित साठवण प्रणालीचे मूल्यमापन

प्रस्तावना

ग्रंथालयात तुम्ही पुस्तक कसे शोधता? अनेकदा एकासाठी कपाटाकडे जाता आणि शेजारचे दुसरेच घेऊन येता. माझ्या वर्गातल्या मुलांना लेखकाचे नाव आठवत नाही. ‘खिडकीजवळचे कपाट, खालून दुसरी फळी’ हे मात्र पक्के आठवते. स्वयंचलित साठवण व पुनर्प्राप्ती प्रणाली, म्हणजेच एएसआरएस, या सवयीला जागाच ठेवत नाही. म्हणून तिचे मूल्यमापन केवळ वेगावरून करू नये.

रचना आणि कार्य

शिकागो विद्यापीठाचे मॅन्सुएटो ग्रंथालय २०११ मध्ये सुरू झाले. जमिनीवर काचेच्या घुमटाखाली वाचनकक्ष, तर त्याखाली सुमारे ५० फूट खोल साठवण. क्षमता सुमारे ३५ लाख ग्रंथांची. येथे पुस्तके विषयानुसार नव्हे, तर आकारानुसार पेट्यांत ठेवतात. कोणत्या बारकोडचे पुस्तक कोणत्या पेटीत आहे, याची नोंद संगणकाकडे असते. तुम्ही तालिकेतून मागणी नोंदवली की क्रेन ती पेटी उचलून कर्मचाऱ्यापुढे आणते. पुस्तक बाहेर काढतो माणूसच. हे सारे काही मिनिटांत होते.

गुण

पहिला गुण जागेचा. एका मापाची पुस्तके एकत्र ठेवल्याने मधली पोकळी वाया जात नाही आणि वाचकांसाठी रुंद वाटा सोडाव्या लागत नाहीत. त्यामुळे संग्रह दूरच्या गोदामात न पाठवता विद्यापीठाच्या आवारातच राहतो. दुसरा गुण सुरक्षिततेचा. कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथील विद्यापीठाने अशी प्रणाली १९९१ मध्येच बसवली होती. १९९४ च्या भूकंपात ग्रंथालयाच्या इमारतीची मोठी हानी झाली, तरी पेट्यांतला संग्रह टिकला.

मर्यादा

पूर्वी गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. मागणी नोंदवल्या क्षणापासून वेळ मोजला, तर एएसआरएस या कसोटीला सहज उतरते. पण वाचकाचा वेळ त्याआधीच सुरू होतो. मनात प्रश्न असतो, पुस्तकाचे नाव नसते. रंगनाथन मुक्तद्वार पद्धतीचे पुरस्कर्ते होते, ते याचसाठी.

दुसरी मर्यादा तालिकेची. उघड्या कपाटात तालिकेतली चूक डोळ्यांना सापडते : नोंद अपुरी असली तरी पुस्तक समोर दिसते. पेटीतले पुस्तक मात्र नोंदीत नसेल तर वाचकापुरते नाहीसेच होते. स्कॅन न करता चुकीच्या पेटीत टाकलेल्या पुस्तकाचेही तेच.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या हंट ग्रंथालयाने (२०१३) यावर उपाय म्हणून पडद्यावर आभासी कपाट दिले. प्रयत्न चांगला आहे. तरीही दोन पुस्तके दोन हातांत धरून त्यांतल्या आकृत्या ताडून पाहण्याची सोय त्यात नाही.

निष्कर्ष

शिकागोने आपले उत्तर व्यवहारातून दिले आहे. शेजारच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयातली उघडी कपाटे तशीच ठेवली आणि जे चाळून शोधावे लागत नाही, उदाहरणार्थ नियतकालिकांचे जुने बांधीव खंड, ते यंत्राकडे सोपवले. माझ्या मते हीच विभागणी योग्य आहे. ज्याचे नाव माहीत आहे ते यंत्राने द्यावे. ज्याचे नाव अजून माहीत नाही ते हाताशी असावे. पदवीच्या विद्यार्थ्याला बहुतेक पुस्तकांची नावे माहीत नसतात, म्हणून त्याची पुस्तके शेवटपर्यंत उघड्यावरच हवीत. आणि क्रेनवर खर्च करण्याआधी तालिका दुरुस्त करावी.

स्वाध्याय

तुमच्या ग्रंथालयातले एक आवडते पुस्तक घ्या आणि त्याची तालिकेतली नोंद वाचा. नाव आणि लेखक ठाऊक नसलेल्या मित्राला, फक्त विषयावरून, ते त्या नोंदीतून सापडेल का? सापडणार नसेल, तर नोंदीत काय जोडाल ते लिहा.