‘दलदलीवरचे आकाश’ : एका हत्येची अपुरी कथा

दरवर्षी ६ जुलै रोजी, संत मारिया गोरेट्टी हिच्या सणादिवशी, आम्ही वेदीवरून तिची कथा सांगत आलो आहोत. अकरा वर्षांची शेतकऱ्याची मुलगी, वासनांध तरुण, चौदा वार आणि मृत्युशय्येवरील क्षमा, एवढ्यात ती कथा आटोपते आणि आम्ही शुद्धतेच्या सद्‌गुणाकडे वळतो. इटालियन दिग्दर्शक आउगुस्तो जेनिना यांचा १९४९ सालचा ‘चेलो सुल्ला पालूदे’, म्हणजे ‘दलदलीवरचे आकाश’, हा चित्रपट नुकताच पाहण्याचा योग आला, तेव्हा आमच्या सांगण्यातून काय काय गळून गेले होते ते ध्यानी आले.

गळून गेले होते ते एक अख्खे कुटुंब. गोरेट्टी मंडळी मूळची मार्के प्रांतातील कोरिनाल्दो गावची. तेथील शेतीवर पोट भरेना, म्हणून लुइजी आणि असुंता हे दांपत्य मुलाबाळांसह घराबाहेर पडले आणि १८९९ साली रोमच्या दक्षिणेस, पोंतिने दलदलीतील ले फेरिएरे येथे एका जमीनदाराची जमीन अर्धेलीने करू लागले. घर सेरेनेल्ली बापलेकांबरोबर वाटून घेतलेले. वर्षभरातच हिवतापाने लुइजीला नेले. विधवा असुंता शेतावर राबू लागली आणि घर, चूल व धाकटी भावंडे मारियाच्या अंगावर पडली. ५ जुलै १९०२ रोजी ती जिन्याच्या माथ्यावर बसून आलेस्सांद्रो सेरेनेल्लीचाच सदरा सांधत होती. धाकटी तेरेसा जवळच होती. त्या वीस वर्षांच्या तरुणाने तिला आत ओढले, आणि ती वश होईना तेव्हा तिच्यावर शस्त्र चालवले. दुसऱ्या दिवशी नेत्तुनोच्या रुग्णालयात, त्याला क्षमा करून, तिने प्राण सोडला.

जेनिना यांनी ही कथा दलदलीपासून सुरू केली, हे त्यांचे मोठेपण होय. बहुतेक कलावंत अव्यावसायिक; मारियेची भूमिका करणारी इनेस ओर्सिनी हीदेखील नवखीच. छायाचित्रकार जी. आर. आल्दो यांच्या कॅमेऱ्याने साचलेले पाणी, राबणारी माणसे आणि सामाईक घरातील कोंडमारा असा टिपला आहे की, संकटाची चाहूल प्रेक्षकाला संवादांवाचून लागते. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षी उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार जेनिना यांना मिळाला, तो यथार्थच होता. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी या चित्रपटाचा विशेष गौरव केला, तोही अशासाठी की त्यात संतत्वाची प्रभावळ आधीच रंगवलेली नाही. संतपण घडत असताना डोळ्यांना दिसत नसते, ते मागाहून ओळखले जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पडद्यावर दिसते ते एक भेदरलेले लेकरू.

ही भेदरलेली मुलगी पाहताना आम्हांला आमच्याच प्रवचनांचा संकोच वाटला. मंदिरात बाकावर बसलेल्या एखाद्या स्त्रीवर कधी काळी असाच प्रसंग गुदरला असेल. तो तिने कोणाला सांगितलाही नसेल. जी मेली ती पवित्र, असे आम्ही उच्चरवाने सांगतो तेव्हा, मग जी जगली ती कोण, हा प्रश्न तिच्या काळजात सलत नसेल काय? ४१० साली रोमची लूट झाली, तेव्हा ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले त्यांच्या बाजूने संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात निर्वाळा दिला होता. मनाची संमती नसेल तर दुसऱ्याच्या पापाने स्त्रीची शुद्धता नाहीशी होत नाही, असे त्यांनी सांगितले. जे आम्ही सेमिनरीत शिकलो ते वेदीवरून सांगायला विसरलो.

तथापि या चित्रपटाची एक उणीव नोंदवणे आम्हांला प्राप्त आहे. तो मारियेच्या मृत्यूपाशी थांबतो. हत्या हा कुटुंबाच्या इतिहासाचा शेवट नसतो. ज्यांना मागे उरावे लागते त्यांचा इतिहास तेथून सुरू होतो. आलेस्सांद्रोला तीस वर्षांची शिक्षा झाली. सत्तावीस वर्षे भोगून तो १९२९ साली सुटला, आणि १९३४ च्या नाताळात कोरिनाल्दोला जाऊन असुंतेच्या दारी उभा राहिला. मधल्या बत्तीस वर्षांत त्या मातेच्या मनात काय काय उलथापालथ झाली असेल, हे कोणता कॅमेरा दाखवणार? त्याने क्षमा मागितली. माझ्या मुलीने क्षमा केली, मग मी कशी नाकारू, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले, आणि त्या नाताळात दोघांनी शेजारी शेजारी परमप्रसाद स्वीकारला. १९५० साली पोप बारावे पायस यांनी मारियेला संतपद बहाल केले, त्या सोहळ्याला असुंता हजर होती.

१९३४ ची घटना जेनिनांना अप्राप्य नव्हती. तिला पंधरा वर्षे होऊन गेली होती. ती वगळल्याने क्षमा ही मरणाऱ्या मुलीच्या ओठांवरची एक गोड ओळ ठरली, जगणाऱ्या मातेचे कष्ट ठरली नाही. येथे एक सावधगिरीही हवी. असुंतेने क्षमा केली म्हणून प्रत्येक दुखावलेल्या घराकडून ती मागण्याचा अधिकार आम्हां धर्मगुरूंना मिळत नाही. न्यायालयाने आपले काम केले होते, अपराध्याने सत्तावीस वर्षे भोगली होती, आणि दार त्यानेच ठोठावले होते. हा क्रम उलटा करून चालणार नाही.

आमच्या गावांतही अशी घरे आहेत. बांधावरून झालेली मारामारी, भावकीतला एक खून; पिढी सरली तरी त्या नावाचा उच्चार घरात होत नाही आणि मिस्साला दोन कुटुंबे दोन बाजूंना बसतात. त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. आम्ही मात्र येत्या ६ जुलैला त्याच्या पुढची कथा सांगणार आहोत, नाताळातल्या त्या दारापासून.