किरणित अणुइंधनाचे न्यूट्रॉन-चित्रण आणि मराठी विज्ञानभाषा : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत 'रिॲक्टर'साठी 'अणुभट्टी' हा शब्द रूढ झाला. त्यापाठोपाठ 'इंधन', 'जळणे', 'जळालेले इंधन' ही शब्दावली आली. ही सर्व रूपके चुलीच्या अनुभवातून घडलेली आहेत. फुलसावंगीच्या (ता. महागाव, जि. यवतमाळ) परिसरात चुलीत पऱ्हाटी जळते व राख उरते, त्या राखेची तपासणी कोणी करीत नाही. अणुइंधनाची कांडी मात्र विक्रियकातून बाहेर येताना आपला आकार बहुतांशी टिकवून असते आणि तिची महत्त्वाची परीक्षा त्यानंतरच सुरू होते. ही परीक्षा समजून घेण्यास प्रचलित भाषा कितपत समर्थ आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

चित्रणाचे तत्त्व

न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉनांकडून अडवले जातात. त्यामुळे युरेनियमसारख्या जड धातूपुढे ते दुबळे ठरतात. न्यूट्रॉनची आंतरक्रिया अणुकेंद्राशी होते. झिर्कोनियमच्या आवरणातून ते सहज पार होतात, तर हलका हायड्रोजन त्यांना ठळकपणे विखुरतो. म्हणून इंधनगोळ्यांतील तडे, गोळ्यांमधील फटी आणि आवरणात साचलेली हायड्राइडे यांचा मागोवा कांडी न कापता घेता येतो.

अडचण अशी की, किरणित कांडी स्वतःच तीव्र गॅमा किरण फेकते व फिल्म काळवंडते. त्यावरील उपाय मार्मिक आहे. झोतात फिल्मऐवजी डिस्प्रोसियमचा पत्रा ठेवतात. तो गॅमा किरणांनी नव्हे, तर न्यूट्रॉनांनी किरणोत्सर्गी होतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे २.३ तास आहे. कांडीपासून दूर नेऊन तो फिल्मवर दाबला की प्रतिमा उमटते.

तुर्भे आणि कल्पाक्कम

तुर्भे येथील 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. न्यूट्रॉन-चित्रणाचे काम तिच्यावरही झाले. कल्पाक्कम येथे १९९६ मध्ये सुरू झालेली ३० किलोवॉटची 'कामिनी' थोरियमपासून मिळविलेल्या युरेनियम-२३३ वर चालते. ती किरणित इंधन हाताळणाऱ्या जाड भिंतींच्या कक्षांखाली बसविलेली आहे. तेथील द्रुत प्रजनक चाचणी विक्रियकाचे कार्बाइड इंधन तुर्भे येथे तयार झाले. टप्प्याटप्प्याने तपासणी करीत त्याची वापरमर्यादा वाढविण्यात आली. पुढे त्याने प्रति टन दीड लाख मेगावॉट-दिवसांचा टप्पा ओलांडला. म्हणजे येथे तपासणी ही केवळ औपचारिकता नव्हती. पुढील परवानगीचा तो आधार होता.

रूपकांच्या मर्यादा

'भट्टी'चे रूपक ही प्रक्रिया झाकून टाकते. 'क्ष-किरणांसारखे चित्र' ही उपमाही अर्धीच उपयोगी आहे. कारण हाडाच्या चित्रात जड ते ठळक दिसते, येथे हलका हायड्रोजनही ठळक होतो. दुसरीकडे, 'न्यूट्रॉनांना सर्व दिसते' अशी भाषाही अतिशयोक्त होय. एका दिशेने घेतलेली प्रतिमा ही अखेर छायाच असते. तीत कांडीचे पुढचे-मागचे भाग एकमेकांवर पडतात. साचलेला वायू मोजण्यासाठी कांडीला छिद्र पाडावे लागते आणि धातूची सूक्ष्मरचना पाहण्यासाठी ती कापावीच लागते. या अर्थाने 'छायाचित्रण' हा जुना मराठी शब्द येथे अधिक प्रामाणिक ठरतो.

समारोप

१९६९ पासून तारापूरची वीज महाराष्ट्राच्या जीवनाचा भाग आहे. तरीही मराठी लोकप्रिय लेखनात अणुऊर्जा बहुधा 'विनाश' किंवा 'विकास' या दोन टोकांतच वावरते. परीक्षण हा तिसरा विषय दुर्लक्षित राहतो. परिणामी वाचकाजवळ भीती असते वा अभिमान असतो. प्रश्न विचारण्याची भाषा नसते. कांडी कितीदा तपासली, कशाने तपासली आणि त्या तपासणीत काय दिसू शकत नाही, हे मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला स्वभाषेत विचारता येणे, हीच विज्ञानभाषेची खरी कसोटी होय.