वाक्याची पूर्तता आणि क्रियापद

उद्देश्य सापडले, विधेय सापडले आणि विधेयात क्रियापद असले की वाक्य पूर्ण झाले, असे मानण्याचा शालेय व्याकरणात प्रघात आहे. हा निकष पारखण्यास गोंदिया जिल्हा विशेष सोयीचा आहे. कारण तेथे मराठीच्या शेजारी हिंदी आणि पोवारी नित्य कानी पडतात. ‘यह मेरा भाई है’ या हिंदी वाक्यातील ‘है’ सामान्यतः गाळता येत नाही. ‘हा माझा भाऊ’ हे मराठी वाक्य मात्र आहे तसेच पूर्ण होय. ‘ही बांधी कोणाची?’, ‘रोवणी कुठवर?’ या प्रश्नांतही ऐकणाऱ्यास काही उणे भासत नाही.

येथे ‘आहे’ अध्याहृत मानावे, असे उत्तर देण्यात येते. भूतकाळ सांगताना ‘होता’ घालावाच लागतो, हे त्याचे बळ. तथापि ‘गोंदियाला’ हे उत्तर ‘कुठे निघालात?’ या प्रश्नावाचून लंगडे पडते. ‘हा माझा भाऊ’ यास मागील वाक्याचा आधार लागत नाही. दोहोंना एकच अध्याहार लावल्यास हा भेद पुसला जातो. उलट, ‘उजाडले’ या वाक्यात वेगळा कर्ता नाही, तरी ते पुरे होते. ‘धान भिजले तर’ यात कर्ता व क्रियापद दोन्ही असून ते अपुरेच राहते.

कात्यायनाने वाक्याची ओळख एका आख्यातावरून ठरविली, हे खरे. परंतु त्याचे प्रयोजन स्वर इत्यादी कार्यांची मर्यादा आखणे हे होते. पूर्ततेच्या प्रश्नास मीमांसकांची आकांक्षा अधिक जवळची आहे. मात्र ही आकांक्षा रचनेची समजली पाहिजे, माहितीची नव्हे. ‘तो आला’ ऐकून ‘कोण?’ असे कुतूहल उरले तरी वाक्य पुरे असते. ‘तर’ने मागितलेला उत्तरार्ध न आल्यास ते पुरे होत नाही.

हा केवळ परिभाषेचा वाद नव्हे. ‘तुझे नाव काय?’ यास अपूर्ण ठरवून तेथे ‘आहे’ लिहावयास लावणारा शिक्षक विद्यार्थ्याची चूक सुधारीत नसतो. परभाषेचा साचा मराठीवर बसवीत असतो. क्रियापद मोजण्यापूर्वी वाक्याची रचना आणखी काही मागते काय, हे त्याने पाहावे.