विंचूदंश, हृदय आणि उद्धरणसंख्या : डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या संशोधनलेखनाची चिकित्सा

संशोधकाचे कार्य किती मोलाचे, हे त्याच्या शोधनिबंधांना मिळालेल्या उद्धरणांवरून ठरविण्याची पद्धत आता महाविद्यालयीन जीवनात रुळली आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानविषयक उद्धरणसूची प्रसिद्ध केली, तेव्हा पूर्वीचे साहित्य शोधणे सोपे व्हावे हा तिचा हेतू होता. माणसे मोजणे हा नव्हता. २००५ मध्ये हर्श यांचा एच-निर्देशांक आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी नियतकालिकाच्या प्रभावांकाला थेट गुणांशी जोडले. या मोजपट्टीची परीक्षा घेण्यासाठी महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे लेखन विशेष उपयुक्त ठरते.

बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे दगावत होती. या विषामुळे चेतातंतूंतील सोडियम-मार्ग वेळेवर बंद होत नाहीत आणि स्वायत्त चेतासंस्थेत वादळ उठते. प्रथम हृदयाची गती मंदावू शकते, नंतर ती बेफाम वाढते. अवेळी ठोके पडतात, रक्तदाब चढतो आणि शेवटी डावा कप्पा थकून फुप्फुसात पाणी भरते. म्हणजे दंश पायाला झाला तरी मृत्यू हृदयाच्या मार्गाने येतो. हे ओळखून १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी हृदयविकाराची पूर्वसूचना देणारी लक्षणे मांडली. वांती, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुषांमध्ये लिंगताठरता ही ती लक्षणे होत. त्यांपैकी एकासाठीही यंत्र लागत नाही.

१९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाविषयीचे त्यांचे लेखन आले. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फा-ग्राहकांना अडविणारी ही स्वस्त गोळी रक्तदाबासाठी आधीच उपलब्ध होती. तिचा विंचूदंशातील उपयोग नवा होता. हा मजकूर जेमतेम दोन पृष्ठांचा, पत्रवजा. प्रभावांकाच्या गणितात अशा पत्राची गंमत अशी की, त्याला मिळालेली उद्धरणे अंशात धरली जातात, पण छेदात ते ‘निबंध’ म्हणून मोजलेच जात नाही. नियतकालिकाची पत वाढविणारे हे लेखन गुणपत्रकात भरताना मात्र अध्यापकाला दहा वेळा विचार करावा लागेल. सहलेखनाचेही तसेच. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेल्या निबंधाला २०१८ च्या नियमाने प्रत्येकी ७० टक्के गुण मिळाले असते.

तथापि केवळ गौरव करून ही चिकित्सा पुरी होत नाही. प्राझोसिनपूर्वी गंभीर रुग्णांतील मृत्युप्रमाण ३० ते ४० टक्के होते आणि ते नंतर १ ते २ टक्क्यांवर आले, असे नेहमी सांगितले जाते. ही तुलना दोन काळांतील आहे. मधल्या वर्षांत रस्ते झाले, रुग्ण लवकर पोहोचू लागले, डॉक्टरांची नजरही तयार झाली. या सर्वांचा वाटा औषधापासून वेगळा काढता येत नाही. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो उद्धरणांच्या संख्येने मिटत नाही.

त्याचे काही उत्तर स्वतः बावस्करांनीच दिले. २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये दोघांनी ७० रुग्णांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. चाचणी आंधळी नव्हती, कोणाला काय दिले हे सर्वांना ठाऊक होते, ही तिची मर्यादा. पण ज्या उपचाराने नाव मिळाले तोच एकटा पुरेसा नाही असे छापून दाखविणे, हे संशोधकीय प्रामाणिकपणाचे दुर्मीळ उदाहरण होय. उद्धरणसूचीत मात्र १९८६ चे पत्र आणि २०११ चा निबंध या दोन सुट्या नोंदी आहेत. दुसऱ्याने पहिल्यात काय दुरुस्त केले, हे तिच्यात उमटत नाही. २०२२ च्या पद्मश्रीनेही हा भेद स्पष्ट होत नाही.

मुख्य अडचण याहून खोल आहे. उद्धरण तोच देतो जो स्वतः निबंध लिहितो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना लाल विंचू आढळतो. जुन्नरच्या नाणेघाटाकडील किंवा आंबेगावच्या डिंभे-भीमाशंकर परिसरातील वाडीवर भाताचा पेंढा उचलताना दंश झालेला मजूर रात्री आरोग्य केंद्रात येतो. तेथील वैद्यकीय अधिकारी हात गार लागले, घाम दिसला, की प्राझोसिनचा निर्णय घेतो. बावस्करांच्या संशोधनाचा खरा वाचक तो आहे. तो कोठेही त्यांचे उद्धरण देत नाही. केसपेपरवर दंशाची वेळ, रक्तदाब, गोळी दिल्याची वेळ एवढेच लिहितो. १९८२ चा निबंधही रुग्णाच्या खाटेशेजारी केलेल्या निरीक्षणांतूनच उभा राहिला होता.