फुलराणीची ऑडिशन

मंडळाच्या नाटकाची ऑडिशन कशी असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शनिवारची दुपार, कुणाचं तरी बेसमेंट, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा, झेरॉक्स केलेली स्क्रिप्टची पानं आणि डोक्यावर वरच्या मजल्यावरच्या पोरांचा धुडगूस! काही वर्षांपूर्वी आम्ही पु. लं.चं 'ती फुलराणी' करायचं ठरवलं, तेव्हा निवड समितीच्या तिघांत मीही होते. त्याआधी हे नाटक चार-पाचदा पाहिलं होतं. पण ते खरं कशाबद्दल आहे, हे मला त्या बेसमेंटमध्ये कळायला लागलं. तेही जरा उशिराच.

मंजुळेसाठी नऊ जणी आल्या होत्या. त्यातल्या आठ जणींनी एकच उतारा निवडला. कुठला, ते तुम्ही ओळखलं असेलच: मास्तरला धडा शिकवायची प्रतिज्ञा करणारं ते प्रसिद्ध स्वगत. त्यात नवल काहीच नाही. १९७५ साली हे नाटक रंगमंचावर आलं आणि भक्ती बर्व्यांनी ते स्वगत असं काही गाजवलं की ते नाटकातून सुटून गॅदरिंगमध्ये आणि एकपात्री स्पर्धांमध्ये जाऊन बसलं. आमच्या आठही जणींच्या कमरेवर तोच हात, तीच फणकाऱ्याची मान, थांबायच्या जागाही त्याच. आम्ही अभिनय तपासत होतो की पाठांतर, असा प्रश्न पडावा!

गंमत अशी की, बर्नार्ड शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी हे नाटक घेतलं, त्यात असं स्वगत नाही. 'पिग्मॅलियन'वरूनच १९५६ साली आलेल्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत नायिका मास्तरवरचा राग गाण्यातून काढते. स्वगत टाळ्यांचं आहे, यात वाद नाही. पण ते म्हणताना मंजुळा एकटी असते. नाटक मात्र दोन माणसांचं आहे. एकाला कान आहेत, पण समोरचं माणूस ऐकू येत नाही. दुसरीला कुणी ऐकतच नाही, आणि तरी ती शिकत जाते. म्हणजे हे नाटक बोलण्याइतकंच ऐकण्याचं आहे, आणि स्वगतावरून तेवढंच कळत नाही.

माझ्या मते मंजुळेला तीन मराठी बोलाव्या लागतात. पहिली रस्त्यावरची. दुसरी प्राध्यापक जहागीरदारांनी शिकवलेली, भाड्याने आणलेल्या शालूसारखी अंगावर न बसणारी. आणि तिसरी तिची स्वतःची, भांडून मिळवलेली. आमच्या बहुतेक जणींनी पहिली मराठी केली ती फार्समधल्या मोलकरणीची. दुसरी तर त्यांना करताच आली नाही, कारण ती त्यांची रोजचीच! जी भाषा आपल्याला आयती मिळाली, ती कुणाला कष्टाने शिकावी लागते हे अंगात कुठून येणार?

आता नववीबद्दल. इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी मुलगी. आईने संवाद रोमन लिपीत लिहून दिले होते. तिने स्वगत निवडलं नव्हतं, शिकवणीचा प्रसंग निवडला होता. तिला 'ळ' जड जात होता, 'ण'च्या जागी 'न' येत होता. समितीतल्या एका काकांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मीही हसले. समोरच्या कागदावर मी लिहिलं, 'उच्चार: १० पैकी ३'.

तो कागद अजून माझ्याकडे आहे, कारण त्याची लाज वाटते.

अहो, 'पाणी' की 'पानी' यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाची थट्टा करणारं नाटक आम्ही बसवत होतो, आणि त्याच्याच दारात बसून मी 'ण' मोजत होते! शॉला इंग्रजी वर्गव्यवस्था दाखवायची होती. मराठीत तर 'शुद्ध' या शब्दाला वर्गाबरोबर जातही चिकटलेली असते आणि गावही. आपल्यातले कितीतरी जण वऱ्हाडातून, खानदेशातून, कोकणातून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आले तेव्हा पहिल्या दिवशी हसू झालेले आहेत. पुढे इकडे आल्यावर फोनवर स्वतःचं नाव तीनतीनदा स्पेलिंगसकट सांगितलं ते वेगळंच. पहिल्या अंकात प्रेक्षक मंजुळेच्या बोलीला हसतात. ते हसू उसनं आहे, आणि शेवटच्या अंकात ते परत करावं लागतं. ज्या प्रयोगात ते परत होत नाही, तो प्रयोग फसला असं मी म्हणेन, मग टाळ्या कितीही पडोत.

निवड कशी झाली? स्वगत सगळ्यात झोकात म्हणणारीला भूमिका मिळाली. "लोक तिकीट काढून येतात, उच्चार स्वच्छ हवेत," असं काका म्हणाले, आणि मी मान डोलावली. त्या मुलीला आम्ही प्रॉम्प्टर केलं. पाचव्या की सहाव्या तालमीला आमच्या मंजुळेचा मुलगा तापाने आजारी पडला आणि ही मुलगी तिच्या जागी उभी राहिली. पैज जिंकल्यानंतरचा प्रसंग होता. पुरुष एकमेकांचं अभिनंदन करतात आणि जिने पैज जिंकून दिली तिच्याकडे कुणी बघतही नाही, तो. ती नुसती उभी राहून ऐकत होती. मग बोलली, एकेक अक्षर जपून, सांडू नये म्हणून धरल्यासारखं. चहा ओतणारा हात थांबला. पण तोवर पोस्टर छापून झाली होती.

प्रयोग चांगला झाला. स्वगताला दणदणीत टाळ्या मिळाल्या. पैजेनंतरच्या त्या प्रसंगात मात्र मागच्या रांगांतून कुजबूज ऐकू येत होती.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी पंचेचाळिशीच्या एक बाई दारातूनच परत गेल्या, "मी कसली फुलराणी!" म्हणून. त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं की १९१४ साली लंडनमध्ये शॉची फुलवाली पहिल्यांदा उभी केली ती मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी, आणि तेव्हा त्यांचं वय होतं ४९! हौशी रंगभूमीला वयाची आणि उच्चारांची चाळणी परवडत नाही. परवडते ती मेहनत, आणि ती तर आपल्याकडे शनिवार-रविवार उतू जात असते.

मंडळाच्या पुढच्या नाटकाच्या समितीला म्हणूनच माझ्या तीन सूचना आहेत. एक, गाजलेलं स्वगत ऑडिशनला चालणार नाही, असं आधीच जाहीर करा. दोन, प्रत्येकाला जोडीदाराबरोबर प्रसंग वाचायला द्या, आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे बघा. तीन, 'उच्चार' हा रकाना ठेवा, पण गुण पहिल्या वाचनाला देऊ नका. महिनाभराने द्या. 'ळ' शिकवता येतो, त्यासाठीच तर तालमी असतात.

ती मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरी करते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "मावशी, मला अजून सगळं नाटक पाठ आहे. सगळ्यांचे संवाद." 'सगळ्यांचे'तला 'ळ' अगदी स्पष्ट होता. माझं लक्ष तेव्हाही आधी तिकडेच गेलं, हे कबूल करते आणि थांबते.